चौथी पट्टी

लांब पल्ल्याची जुनी लेन्स हातात आली की ती आधी डोळ्याला लावायची नाही, कानाला लावायची. कानाजवळ धरून हलकेच हलवायची. आत खुळखुळले तर एखादी काच सैल झाली आहे. आवाज नसेल तर पुढचे काम. मागच्या बाजूने टॉर्च मारायचा आणि पुढून, थोडे तिरके पाहायचे. सरळ पाहिले तर बहुतेक लेन्स स्वच्छ दिसतात. तिरक्या उजेडात बुरशी दिसते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, काचेच्या कडेकडून मध्याकडे सरकत गेलेली. मग प्रकाश कमीजास्त करणाऱ्या पात्या उघडझाप करून त्यांना तेल लागले आहे का ते बघायचे. शेवटी फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची. ती सगळीकडे सारखीच जड किंवा सारखीच हलकी असली पाहिजे. मध्येच अडली तर लेन्स कधीतरी पडली आहे, मालक काहीही सांगो.

नगरच्या एका दैनिकात तीस वर्षे फोटो काढले, शेवटची काही वर्षे बातम्याही लिहिल्या. निवृत्तीनंतर जुन्या टेलिलेन्स तपासून त्यांचा लेखी अहवाल देण्याचे काम सुरू झाले. ठरवून सुरू केले नाही. माझ्याकडे स्वतःच्या काही लेन्स होत्या, त्यात भर पडत गेली आणि लोक विचारायला येऊ लागले. सध्या माझ्या कपाटात सदतीस आहेत. जपानी, रशियन, पूर्व जर्मनीच्या. सावेडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडले आहे. घरात दुसरे कुणी नसल्यामुळे टेबल कुणाला अडत नाही.

ज्यांना या वस्तूंशी संबंध नाही ते विचारतात, मोबाईलच्या काळात हे कोण घेते? घेतात. नव्या कॅमेऱ्याला एक कडे जोडले की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स बसते. पुण्या-बंगळुरूकडची तरुण मुले त्या घेतात. त्यांना जुन्या काचेतून येणारा रंग हवा असतो. काही निव्वळ संग्राहक असतात, ते फोटो काढतच नाहीत. आपल्या जिल्ह्यात माल बराच आहे. स्टुडिओ बंद पडले, लष्करातली माणसे बदलून जाताना सामान मागे ठेवून गेली, कुणाच्या काकांनी हौसेने आणलेली लेन्स माळ्यावर राहिली. घेणारा लांब असतो, विकणाऱ्याला आपण काय विकतो ते माहीत नसते. दोघांच्या मध्ये काय आहे ते खरे लिहून देणारा माणूस लागतो. मी लिहून देतो.

टेलिलेन्सचा एक गुण इथेच सांगून ठेवतो. तिचा फोकस लांबवर लावला की जवळची वस्तू विरघळून जाते. पाच-दहा पावलांवरची तार, जाळी, फांदी असून नसल्यासारखी होते. पिंजऱ्यातल्या वाघाचा फोटो गजांशिवाय निघतो तो यामुळे.

माणसे लेन्स कशी जपतात याचे मला कुतूहल आहे. शेवगावच्या एका स्टुडिओवाल्याने दमटपणा लागू नये म्हणून आपली दोनशे मिलिमीटरची लेन्स तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. बुरशी लागली नव्हती. पण तांदळाचे पीठ रिंगच्या आट्यांत शिरून तिचे जाते झाले होते. फिरवली की घरघर आवाज यायचा. तो म्हणाला, "इंद्रायणी हुता, साधा न्हाई." मी अहवालात तांदळाची जात लिहिली नाही.

उलट उदाहरण शनिशिंगणापूरचे. तिथल्या एका पूजासाहित्याच्या दुकानदाराकडे वडिलांची तीनशेची रशियन लेन्स होती. घराला दार नाही, कपाटाला कुलूप नाही. लेन्स उघड्या कोनाड्यात, देवाच्या फोटोशेजारी, पंचवीस वर्षे पडून. सकाळचे ऊन थेट तिच्यावर. वर बोटभर धूळ. मी टॉर्च मारला तर आतून काच नवी असल्यासारखी. बुरशीला अंधार, दमट हवा आणि बंद डबी लागते. चामड्याच्या डबीत, रेशमी कापडात गुंडाळून, कुलपात ठेवलेल्या लेन्सच सगळ्यात जास्त सडलेल्या निघतात. दुकानदाराला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मंग आमी काय येडे म्हनून दार लावत न्हाई का?"

तिसरे उदाहरण माझ्या चुकीचे आहे. श्रीरामपूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने आणलेल्या लेन्सच्या गळ्याभोवती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पकड चांगली बसावी म्हणून लावली, असे तो म्हणाला. मी ते खरे धरले आणि अहवाल दिला. पुण्याच्या घेणाऱ्याने पट्टी काढली तर खाली तडा. लेन्स परत आली, सोबत माझा अहवालही, माझ्या सहीभोवती लाल गोल काढलेला. तेव्हापासून नियम केला. पट्टी दिसली की आधी काढायची. स्पिरिटने डिंक पुसायचा. मग बाकीचे.

हा नियम पाळल्यामुळे पुढचा प्रकार घडला.

गेल्या वर्षी श्रावणात एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, कंपनीचा निळा कोट घातलेला, कामाची पाळी संपवून थेट आलेल्या. नाव सुनंदा. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम करतात. तयार झालेला पार्ट मापात आहे की नाही हे बघणे हे त्यांचे काम. पिशवीतून त्यांनी चारशेची जपानी लेन्स काढली. हाताएवढी लांब, वजनाला हलकी, फिल्मच्या काळात पुष्कळ विकली गेलेली. दुर्मीळ नाही.

"काका, ही अण्णांची आहे. माझ्या वडिलांची. अण्णांना आता दिसत नाही, काचबिंदू झाला. नुसती पडून आहे. विकायची तर काय येईल, बघून द्या."

मी लेन्स कानाला लावली. त्या बघत होत्या.

"आमच्याकडं आधी नख लावतात," त्या म्हणाल्या. "कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धार, राहिली का, ते मापाचं गेज लावायच्या आधी नखाला कळतं. गेज नंतर, साहेबांना दाखवायला."

"अण्णांना ही मिळाली कुठे?"

"मिरजगावच्या एका स्टुडिओवाल्यानं घेतली होती, लग्नासाठी. पण ही लावली की फोटोवाल्याला मांडवाच्या बाहेर रस्त्यावर उभं राहावं लागायचं. दोन लग्नं उपाशी राहिला म्हणे. मग अण्णांना देऊन टाकली."

अण्णा म्हणजे रंगनाथ गुरुजी. कर्जत तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर आयुष्य गेले. पत्नी वारली. घरी एकटे राहतात. एवढे मी वहीत लिहून घेतले. लेन्स विकायची हे गुरुजींना माहीत आहे का, हे विचारले नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हा नियम मी तीस वर्षे पाळला. इथे समोर बातमी नव्हती, लेन्स होती.

लेन्स आली की तिचे आहे त्या स्थितीत फोटो काढतो. वरून, डावीकडून, उजवीकडून, पुढून, मागून. खालून कुणी काढत नाही. लेन्स टेबलावर टेकलेली असते. या लेन्सच्या फोकस रिंगवर दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे आडवे चिकटवलेले होते. मळून तपकिरी झालेले. कुठे एक थर, कुठे दोन-तीन थर. काही लपवलेले दिसत नव्हते, पण नियम होता. मी ते सोलून काढले, रिंग स्पिरिटने पुसली, ब्रश मारला. धातू चांगला निघाला. आत बुरशी अगदी कडेला, नगण्य. अहवालाचा मसुदा दुपारपर्यंत तयार झाला.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"पेपरवाले का? मी सुनंदाचा वडील बोलतोय. लेन्स तुमच्याकडंच हाय ना दुरुस्तीला?"

दुरुस्तीला, हा शब्द मी ऐकला. "हो," म्हणालो.

"साफ करा, काय करायचं ते करा. पर रिंगला पट्ट्या हायेत, त्येंना हात लावू नका. ती घान न्हाई. मी मापानं लावल्यात. मला दिसत न्हाई, बोटानं लावतो फोकस. एक पट्टी म्हंजे पान्याची कुंडी. दोन म्हंजे बांध. तीन म्हंजे हिवराचं झाड. चार म्हंजे मोकळं रान. ध्यानात राहील ना?"

"राहील," मी म्हणालो. "बरं."

फोन ठेवून मी कचऱ्याची टोपली पाहिली. पट्ट्या स्पिरिटमध्ये भिजून एकमेकींना चिकटल्या होत्या. बोराएवढा गोळा.

संध्याकाळी सुनंदाबाईंना बोलावून घेतले. त्यांनी काही लपवले नाही.

"रोज संध्याकाळी ओट्यावर स्टँड लावून बसतात. दिसत काही नाही, नुसता उजेड-अंधार कळतो. तरी डोळा लावतात. रिंग फिरवतात, थांबतात, परत फिरवतात. पोरं हसतात. दोनदा ओट्यावरून पडले. माझ्याकडं चला म्हटलं तर म्हणतात, इथं माझं काम आहे. मला वाटलं, ती गेली की काम जाईल. मग येतील."

"तुम्ही मला म्हणालात, पडून आहे."

"बघणाऱ्याला दिसत नाही म्हणजे पडूनच की, काका."

पट्ट्या मी काढल्याचे सांगितले. त्यांनी रिंगवरून अंगठ्याचे नख फिरवले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठेच अडले नाही.

"आता?"

"लावून देतो. फोटो आहेत."

"मग रविवारी चला तुम्हीच. मी येते तिथं. विकायचं नंतर बघू."

फोटो पडद्यावर मोठे करून मोजमाप घेतले. बॅरलवर, म्हणजे लेन्सच्या न फिरणाऱ्या नळीवर, एक स्क्रू आहे, त्याच्या समोर पट्टी आली की फोकस त्या जागेवर लागतो, अशी गुरुजींची पद्धत होती. पहिली पट्टी वरून काढलेल्या फोटोत नीट दिसत होती. दुसरी उजवीकडच्या. तिसरी त्याच फोटोच्या खालच्या कडेला, जेमतेम. चौथी कुठल्याच फोटोत नव्हती. ती खालच्या अंगाला होती.

अंदाजाने लावता येईल का, यावर मी दोन दिवस घालवले. फोकसच्या रिंगवर अंतरे सारखी नसतात. जवळच्या दहा पावलांना दोन बोटे जागा मिळते आणि लांबच्या शंभर पावलांना करंगळीच्या नखाएवढी. तिसरीच्या पुढे चौथी कुठेतरी त्या नखाएवढ्या जागेत होती. केसभर इकडे-तिकडे झाले की तीस-चाळीस पावलांचा फरक. पण ज्याला दिसत नाही त्याला फोकस चुकल्याचे कळणार कसे? हा विचार आला, हे लिहून ठेवतो. औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणली. एक थर, दोन थर, तीन थर मापाने लावले. चार थर अंदाजाने.

रविवारी सकाळच्या एसटीने मिरजगाव, तिथून रिक्षाने गुरुजींचे गाव. घर गावाबाहेर, शेवटचे. ओट्यावर गुरुजी बसले होते. पांढरा सदरा, पायात मोजे, समोर रिकामा स्टँड उभा. सुनंदाबाई आधीच आल्या होत्या.

"या पेपरवाले," ते म्हणाले. "चहा हुईल. आदी ती द्या."

लेन्स मांडीवर घेऊन त्यांनी रिंगवर बोटे ठेवली. पहिली पट्टी. दुसरी. तिसरी. मान हलवत गेले. चौथीवर बोट थांबले, मागे तिसरीवर आले, पुन्हा चौथीवर. मग दोन्हींच्या मध्ये त्यांनी अंगठ्याचे नख टेकवले.

"ही चौथी न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी बोट परत पहिल्या पट्टीवर नेले.

"बाकीच्या बी नव्या हायेत. चिकटा ताजा लागतोय. पर जागंवर हायेत. ही जागंवर न्हाई."

"पट्ट्या माझ्याकडून निघाल्या, गुरुजी. तुमच्या फोनच्या आधीच. फोनवर सांगितले नाही. चौथी अंदाजाने लावली."

"अंदाजानं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "शाळंत असता तर अंगठं धरून उभं केलं असतं. बसा आता. चहा घ्या."

"नखाने सांगता येईल का, कुठे होती?"

"चुकलंय एवढं नखाला कळतं. बरोबर कुठं, ते त्याला सांगता येत न्हाई. परत लावावी लागंल. जशी तवा लावली तशी."

लेन्सला मी माझा कॅमेरा जोडून ती स्टँडवर चढवली आणि डोळा लावला. कुंडी, बांध, हिवर, तिन्ही पट्ट्यांवर तिन्ही गोष्टी साफ दिसल्या. हिवराच्या पुढे, उजव्या अंगाला, मोकळे रान असायला हवे होते. तिथे ऊस होता. बांधापासून क्षितिजापर्यंत, पुरुषभर उंच.

"गुरुजी, तिथे आता ऊस आहे."

"मला ठावं हाय. वारं आलं की पाला वाजतो की. तुमी मला काय हाय ते सांगू नका, किती लांब हाय ते बघा."

अडचण सांगितली. लेन्सला उसाची पुढची कड दिसते, आतली जागा दिसत नाही. ज्या जागेवर फोकस लावायचा तिथे काहीतरी उभे असावे लागते.

"तवा बी काय उभं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "पाखराला कसं म्हनायचं, इथं उभं ऱ्हा, मला फोकस लावायचाय? म्हनून सुनंदाला उभी केली. चौथीत हुती. हातात पाटी दिली, खडूनं मोठा 'अ' काढून. त्यो 'अ' साफ दिसला की थितं पट्टी मारली."

पाखरू म्हणजे माळढोक. कमरेएवढा उंच, भारी पक्षी. पावसाळ्यात नर मोकळ्या माळावर एक ठरावीक जागा धरतो, गळ्याची पिशवी फुगवून हुंकार देतो आणि मादीची वाट पाहतो. त्या माळावर तो तीन पावसाळे आला. नंतर आला नाही.

"फोटो?" मी विचारले.

"एक बी नीट न्हाई. बटनाला हात लावला की त्यो नेमका खाली बसायचा. पन बघितला लई."

सुनंदाबाई उठल्या. कोपऱ्यातली वेळूची काठी घेतली, तिच्या टोकाला वडिलांचा पांढरा टॉवेल बांधला.

"कुठं जायचं, अण्णा?"

"हिवराच्या बुडापासनं सत्तर पावलं. तुजी तवाची, आत्ताची न्हाई."

"तेव्हाची सत्तर म्हणजे आताची पन्नास धरू?"

"धरायचं काय. दगड हाय थितं. पाटीएवढा, काळा, सपाट. त्याच्यावरच तर तू उभी हुतीस. उसवाल्याला सांगून ठिवलंय मी, तेवढा हालवू नको. त्यानं न्हाई हालवला."

त्या गेल्या. हिवरापर्यंत दिसल्या, मग उसात शिरल्या. पाला हलताना दिसत होता, मग तोही दिसेना. गुरुजी मान किंचित तिरकी करून ऐकत होते. बराच वेळ काही झाले नाही. सुनंदाबाईंचा फोन आला, मी स्पीकरवर लावला.

"अण्णा, सापडत नाही. पाला कापतोय हाताला."

"डाव्या हाताला सर. थितं ऊस जरा इरळ असंल. दगडावर मूळ धरत न्हाई."

फोनमध्ये पाल्याचा आवाज. मग त्या एवढेच म्हणाल्या, "आहे."

उसाच्या शेंड्यांवर टॉवेल वर आला. मी रिंग तिसऱ्या पट्टीवरून पुढे सरकवू लागलो. टॉवेल आधी पांढरा डाग होता, मग चौकोन झाला, मग त्याच्या कडेची निळी रेघ दिसली. रेघेचे दोरे सुटे दिसू लागले तिथे थांबलो. दगडावर चढल्यामुळे आणि तिथे ऊस विरळ असल्यामुळे पाल्याच्या फटीतून सुनंदाबाईंचा चेहराही दिसत होता. गालावर पाला घासल्याची तांबडी रेघ. त्या टॉवेलकडे बघत नव्हत्या. घराकडे बघत होत्या. इतक्या लांबून त्यांना ओटा दिसत असेल, ओट्यावरची माणसे दोन ठिपके. आपल्याला कुणी एवढ्या जवळून पाहत आहे हे टेलिलेन्ससमोरच्या माणसाला कधी कळत नाही. त्या चेहऱ्याचे वर्णन मी करत नाही.

"लागला?" गुरुजींनी विचारले.

"लागला."

त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली. स्वतःची, आधीच कापून ठेवलेली. स्क्रूचे डोके चाचपून त्याच्यासमोर रिंगवर एकावर एक चार थर बसवले आणि प्रत्येक थर नखाने दाबला. माझी अंदाजाची पट्टी सोलून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. ती त्यांच्या पट्टीपासून दोन तांदळांवर होती.

"आता इथे काय बघणार, गुरुजी?" मी विचारले.

"बघायचं कशाला? फोकस लावून ठिवायचा. आलं कुनी तर आयत्या येळंला चाचपत बसायला नको."

दुपारच्या गाडीसाठी सुनंदाबाई फाट्यापर्यंत सोडायला आल्या. हातांवर ओरखडे होते.

"काका, तिकडून मी दिसले का?"

"दिसलात."

"नीट?"

"नीट."

"अण्णांनी विचारलं का, काय दिसलं?"

"नाही विचारलं."

त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. गाडी आल्यावर म्हणाल्या, "तुमचा तो कागद फाडून टाका. विकायची नाही."

मी कागद फाडला नाही. अहवाल फाडायची सवय नाही. किमतीच्या आकड्याची जागा कोरी ठेवली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : फोकस रिंगवर चार पट्ट्या, काढू नयेत. त्या दिवसापासून माझा नियमही बदलला. पट्टी दिसली की आधी फोन करतो. विकणाऱ्याला नाही, ज्याने लावली त्याला. पुष्कळदा तो माणूस हयात नसतो. मग पट्टी तशीच ठेवून अहवालात लिहितो की खाली काय आहे ते पाहिलेले नाही. एक-दोन संग्राहकांना हे आवडले नाही. एकाने फोनवर विचारले की तुम्ही तपासता की जपता? उत्तर दिले नाही. दिवसभरात तेवढाच एक फोन होता, उत्तर दिले असते तर तो जरा लांबला असता, हे नंतर लक्षात आले.

गुरुजी अधूनमधून फोन करत. विचारपूस अशी नसे. पाऊस किती झाला, हिवराला फूल आले, एवढेच. मीही इकडची पावसाची नोंद सांगे.

या उन्हाळ्यात ते तिसऱ्यांदा पडले. या वेळी खुबा मोडला. सुनंदाबाईंनी त्यांना नागापूरला आणले. लेन्स विकून जे होणार होते ते लेन्स न विकता झाले. महिनाभराने मी भेटायला गेलो. कामगार वसाहतीतली पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. सुनंदाबाई पाळीवर होत्या. दार उघडे होते. गुरुजी गॅलरीत खुर्चीवर, शेजारी वॉकर, समोर स्टँडवर लेन्स. तिला त्यांचा जुना फिल्मचा कॅमेरा जोडलेला. गॅलरीपुढे दहा पावलांवर कारखान्याची भिंत, डावीकडून उजवीकडे पूर्ण, वर पत्र्याची कड. भिंतीमागे यंत्रांचा एकसुरी आवाज.

"पेपरवाले," पायांच्या आवाजावरून त्यांनी ओळखले. "बरं झालं आलात. टेम्पोत लई धक्के बसल्यात हिला. रिंग ढिली झालीय का बघा. चौथी हालली आसंल तर मला बोटानं कळंना झालंय. हातच थरथरतो आता."

मी बोट लावले. चार थर, स्क्रूच्या डोक्यासमोर. नखाने दोन्ही बाजू पाहिल्या. मग खाली वाकून डोळा लावला. समोर करडा, शांत उजेड होता. भिंतीच्या विटा, विटांमधले सांधे, पत्र्याची कड, काहीच नव्हते.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला.

"समोर भिंत आहे, गुरुजी," मी म्हणालो. "पण यातून ती दिसत नाही."

"मंग जागंवर हाय," ते म्हणाले, आणि मला बसायला खुर्ची कुठे आहे ते सांगितले.